आयर्विनला किती?

मास कॉम करताना आमच्या कँटीनमध्ये एक ठरलेला जोक होता. मार्क कमी पडले, की 'जा आता गावच्या पेपरात, नळाला पाणी येणार नाही, ही ब्रेकिंग न्यूज लिही!' सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे. कारण एका सुट्टीत सांगलीच्या एका दैनिकात मी नेमकं तेच केलं होतं. नळाचं पाणी, मंडईचे भाव, निधनवार्ता. दिल्लीच्या चॅनेलची स्वप्नं बघणाऱ्या मला ते जाम डाऊनमार्केट वाटायचं.

मग आला ऑगस्ट २०१९. मी पुण्यात, आई-बाबा सांगलीत, गावभागात. कृष्णा चढत होती. टीव्हीवर कोयनेतून किती क्युसेक सोडले त्याचे आकडे. पण क्युसेक म्हणजे आमच्या गल्लीत किती? सांगलीकराचा प्रश्न एकच, 'आयर्विन पुलाला किती फूट?' पंचेचाळीसला धोक्याची पातळी. ती कधीच मागे पडलेली. तरी बाबा फोनवर निवांत. 'अगं, २००५ च्या पुरातसुद्धा पाणी आपल्या पायरीच्या वर आलं नव्हतं. घाबरतेस काय?'

न राहवून मी त्या जुन्या ऑफिसात फोन लावला. डेस्कवरच्या काकांनी आवाज ओळखला, गल्ली विचारली. 'बाबांना सांग, २००५ विसरा. आमचा माणूस पुलापाशीच आहे. अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं.'

माझं न ऐकणारे बाबा पेपरवाल्यांचं मात्र ऐकून निघाले. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. आमच्या हॉलमधलं कपाट तरंगत होतं. घरात माणसं नव्हती, एवढंच नशीब.

आता ते डेस्क राहिलेलं नाही. पानं दुसऱ्या शहरात लागतात. काका रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पाऊस वाढला, की आईच्या मोबाइलवर 'धरण फुटलं'चे फॉरवर्ड येतात. खरं की खोटं, ते आमची गल्ली माहीत असलेल्या कुणाला विचारावं, तर नंबरच नाही.

तुमच्या गावात असा नंबर अजून चालू असेल, तर महिन्यातली एक कॉफी कमी करा आणि घरी तो पेपर लावा. आणि हो, नळाला पाणी येणार नसेल, तर ती ब्रेकिंग न्यूजच असते. विचारा आईला!