फोन त्यांच्याच हातात

पुण्यातल्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात शनिवारी आमचा मोबाइल आणि इंटरनेटचा वर्ग भरतो. नियम एकच: शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. कॉलेजातली एनएसएसची मुलं हौसेने शिकवायला येतात, पण हा नियम त्यांना फार जड जातो. समोरच्या आजींना सेटिंग सापडत नसतं, त्या पडदा वर-खाली करत असतात आणि मुलाचे हात शिवशिवतात. "द्या आजी, मी करून देतो." क्षणात काम होतं, आजी खूश होतात आणि पुढच्या शनिवारी तेच काम घेऊन परत येतात. घरी नातवंडंही हेच करतात आणि प्रेमानेच करतात. पण त्यामुळे शिकायचं मात्र राहून जातं.

अडतं कुठे, हे शेजारी बसून बोटांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. वयानुसार बोटांची कातडी कोरडी पडते आणि पडदा तिला दाद देत नाही. मग माणूस जोर देऊन दाबतो. जोर दिला की बोट पडद्यावर जास्त वेळ टेकतं आणि फोन समजतो, यांना हे चिन्ह उचलून दुसरीकडे ठेवायचंय. व्हॉट्सअ‍ॅप भलत्याच पानावर जाऊन बसतं. "माझ्या हातून बिघडलं" म्हणून काका फोन खिशात घालतात आणि आठवडाभर फक्त फोन आला तर उचलतात. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने यावर छान युक्ती काढली. तव्यावरची पोळी बोटाने फिरवताना जसं टेकवून लगेच उचलतो तसं टेकवा, असं त्या सांगतात. काकूंना ते पटकन उमगतं. शिवाय अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, ते तिथे ठरवता येतं. आम्ही तो वेळ पहिल्याच दिवशी वाढवायला लावतो आणि अक्षरंही मोठी करायला सांगतो. "या वयात आता जमत नाही" असं म्हणून सोडून दिलेलं कितीतरी त्यानंतर जमायला लागतं.

हेच शिकवण्यासाठी 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झालं. सहा कोटी ग्रामीण लोकांना डिजिटल साक्षर करण्याचं त्याचं उद्दिष्ट होतं आणि वयाची अट होती 14 ते 60. साठी उलटली की दार बंद. याची मला आजही चीड येते. कारण साठीनंतरच तर ही गरज खरी सुरू होते. दर नोव्हेंबरला पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो 'जीवन प्रमाण'मार्फत ऑनलाइन देता येतो, पण त्यासाठी आधार हवं, ओटीपी हवा, आणि ओटीपी कुठे येतो ते तरी माहीत हवं. गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, दवाखान्याची वेळ घेणं, सगळं फोनवर आलं. शिकवायची जबाबदारी मात्र ज्याच्या-त्याच्या घरावर राहिली. आणि ज्यांची मुलं पुण्याबाहेर किंवा देशाबाहेर आहेत, त्यांनी कुणाकडे जायचं? आमच्यासारख्यांचे वर्ग ही पोकळी भरतात याचं कौतुक होतं. मला मात्र वाटतं, हे शिकणं म्हाताऱ्या माणसांचा हक्क आहे. ते कुणाच्या शनिवारच्या सवडीवर अवलंबून राहू नये.

या दाखल्यामुळे नोव्हेंबरातले आमचे वर्ग गजबजलेले असतात. ज्यांचं आयुष्य भांडी घासण्यात किंवा शेतात गेलं त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि दाखल्यासाठीच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हापासून हे बरंच सुसह्य झालं आहे. फोन समोर धरायचा, चेहरा चौकटीत आणायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. काकू चष्मा काढतात, पदर सारखा करतात, फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या ताठ बसतात. पहिल्यांदा चौकट हलते, मग प्रकाश कमी पडतो. खिडकीकडे तोंड करून बसायचं, हे त्यांचं त्यांना सुचेपर्यंत आम्ही थांबतो. मग डोळे मिटतात, उघडतात आणि काम होतं. दाखल्याचा नंबर एसएमएसने येतो, तो त्या स्वतः वहीत उतरवून घेतात.

फसवणुकीबद्दल तर आम्ही दर वर्गात बोलतो. पैसे पाठवायला यूपीआय पिन लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. 'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा. एवढं सगळ्यांचं पाठ झालं आहे. तरी एक गोष्ट मला हळूहळूच कळली. फसलेली माणसं घरी सांगत नाहीत. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण त्याहून मोठी धास्ती वेगळी असते. "मुलाला कळलं तर तो म्हणेल, आता तुम्ही फोनला हात लावू नका." वर्ग संपल्यावर एक आजोबा मागे थांबून हलक्या आवाजात हे बोलले. ज्याच्या हातातून फोन सतत काढून घेतला गेलाय, तो माणूस अडचणीत सापडल्यावर त्याच घरात मदत कशी मागणार? आमचा नियम आम्ही का सोडत नाही, ते मुलांना मी आता या आजोबांच्या बोलण्यावरून समजावते.

मुलांची आणखी एक सवय आम्ही मोडायला बघतो. "सोप्पं आहे हो काका!" असं ती धीर द्यायला म्हणतात. पण सोप्पं म्हटलेलं जमलं नाही की काका जास्तच खचतात आणि पुन्हा विचारत नाहीत. म्हणून आता आम्ही इथेच शिकलेल्यांना शिकवायला बसवतो. त्या निवृत्त शिक्षिका 'सोप्पं आहे' असं कधी म्हणत नाहीत. "मलाही आठवडाभर जमत नव्हतं," असं सांगून त्या आपली वही उघडून दाखवतात. पायरी पायरीने लिहिलेली, खाडाखोड केलेली. त्यांच्याभोवती नेहमी जास्त खुर्च्या असतात. यंदाच्या नोव्हेंबरसाठी साठीच्या पुढचे असे आणखी शिकवणारे आम्ही शोधतो आहोत. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे तयारी सप्टेंबरातच करावी लागेल.