ब्रेकची कुरकुर

पाथरीवरून जाणाऱ्या कल्याण-निर्मल महामार्गावर इंजिनापेक्षा ब्रेकवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. उसाच्या हंगामात दिव्याविना चाललेली बैलगाडी रात्री अवचित पुढ्यात येते. म्हणून आम्ही आमच्या जुन्या मोटारीला अधिक पकड देणारे, धातुमिश्रित ब्रेकपॅड बसवून घेतले. पकड वाढली खरी. पण रविवारी मिस्सेला निघालो की ब्रेक दाबताच चाकांतून कर्कश किंकाळी उठू लागली. मुले कानांवर हात ठेवीत. "डिस्कवर दोन थेंब तेल सोडा, गप्प बसेल," असा सल्लाही मिळाला.

तेलाने आवाज थांबला असता, आणि त्याबरोबर पकडही गेली असती. मूळ कारण निराळे होते. पॅड फिरत्या डिस्कला क्षणभर धरतो, क्षणात सुटतो; सेकंदाला हजारो वेळा होणारी ही थरथर आपल्याला किंकाळी होऊन ऐकू येते. असे पॅड कठीण असतात आणि पुष्कळदा अधिक उष्णतेसाठी घडविलेले असतात. म्हणून गार ब्रेकवर, मंद वेगात ते जास्त कुरकुरतात.

मिस्त्रींनी चाके उतरविली. ब्रेकची धूळ फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसली, कारण ती फुप्फुसांना घातक असते. पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याचे शिम बसविले. पॅड जेथे सरकतो तेथे उष्णता सोसणारे ग्रीस पुसटसे लावले, घासणाऱ्या बाजूस मात्र थेंबही नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरविला. दर वेळी मध्ये थोडे अंतर चालवून ब्रेक निवू दिले.

आता पहाटेच्या गारव्यात तेवढी क्षणभर कुरकुर उरली आहे. ती आम्ही सोसतो. मिस्त्रींनी मात्र बजावले आहे : लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर आली, तर अस्तर संपले असे समजून गाडी पुढे नेऊ नये. काही पॅडना तर एक बारीक पट्टी मुद्दाम जोडलेली असते; अस्तर झिजत आले की ती डिस्कला लागून ओरडते. तो आवाज राखणदाराचा असतो.

लोयोलाचे संत इग्नाती यांनी ‘आध्यात्मिक साधने’त खरे पाप आणि हळव्या मनाची नाहक धास्ती यांतील भेद ओळखावयास शिकविले. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचेही तसेच आहे. तिची प्रत्येक कुरकुर पापाची नसते; परंतु ती कशाची, हे चाक उतरवून पाहावे लागते. तेल सोडून गप्प केलेली विवेकबुद्धी, समोर बैलगाडी उभी ठाकल्यावर, आपल्याला थांबवू शकणार नाही.