गाडी मागच्या सीटवरून निवडा

बीपीची गोळी लिहून झाली, की खुर्चीतून उठता उठता हल्ली बरेच जण विचारतात, "सर, गाडी कोणती घ्यावी?" हळदीला बरा भाव मिळाला की हा प्रश्न वसमतमध्ये जास्त ऐकू येतो. विचारणारा चाळिशीतला असतो. त्याला पळणारी, देखणी, चार दरवाजांची, डिकी असलेली गाडी हवी असते, आणि घरात आई, बायको आणि एक-दोन लेकरं असतात. बायकोचं म्हणणं असतं, घरच्यांसाठी उंच एसयूव्ही घ्या. मग डॉक्टरचं मत विचारलं जातं, जणू हाही दुखण्याचाच प्रकार आहे. थोडाफार आहेही.

मी इंजिनांचा जाणकार नाही. पण मागच्या वर्षी माझ्याच घरी हा वाद झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, तिचे दुखरे गुडघे, तीन वर्षांची नात, आणि मला हवी होती जोरदार सेडान. त्या निमित्तानं जे पाहिलं ते सांगतो. शेवटी कोणती घेतली ते मात्र सांगणार नाही. सांगितलं की लोक तीच घेतात, जसं शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध घेतात.

सध्या आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच उरल्या आहेत. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन्ही आपल्या पुण्याजवळ चाकणला बनतात. त्यांच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाची ताकद १५० पीएस. ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बोची १६० पीएस. डिकी तिघींचीही पाचशे लिटरहून मोठी, म्हणजे लग्नाच्या बॅगा आणि आजीची घडीची व्हीलचेअर दोन्ही मावतात. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२३ मध्ये तिघींना प्रौढ आणि मुलं अशा दोन्ही विभागांत पाच तारे मिळाले. हे दोन विभाग वेगवेगळे बघायची सवय लावा. २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच चाचणीत प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पाचच दिसतात. आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे.

आता 'स्पोर्टी म्हणजे धोकादायक' या समजाविषयी. रस्त्याला चिकटून चालणारी गाडी अचानक वळवावी लागली तर उंच गाडीपेक्षा कमी कलंडते. चांगले ब्रेक, चांगले टायर, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा या गोष्टी रस्त्यात अचानक म्हैस आली तर घरच्यांच्याच कामाच्या आहेत. धोका ताकदीत नाही, वेगात आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० च्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणं. ताशी १०० ला तीच इमारत अकरा मजल्यांची होते. चौथ्या मजल्यावर आपण नातवाला कठड्यापासून लांब धरतो. गाडीत त्याला पुढच्या दोन सीटच्या मधे उभं करतो.

म्हणून माझा सल्ला एवढाच असतो की शोरूममध्ये आधी स्टिअरिंगला हात लावू नका. मागे जाऊन बसा, आणि घरच्यांना घेऊन जा.

आईला बसवून बघा. सीट खोल आणि खाली असेल तर गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, आणि उठताना सगळा भार मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांना तर डॉक्टरांनी कमरेत जास्त वाकू नका असं बजावलेलं असतं. स्पोर्टी गाडीचं छत मागे उतरतं आलेलं असतं, त्यामुळे मान वाकवून आत शिरावं लागतं. मानेचा त्रास आणि चक्कर असणाऱ्यांना ते जड जातं. पाय आधी टाकून आत घुसायचं नाही. पाठ गाडीकडे करून आधी सीटच्या कडेवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. उतरताना याच्या उलट. माझ्या आईला हे दोन दिवसांत जमलं. एका गाडीत मात्र जमेचना, दार पुरेसं उघडत नव्हतं, ती गाडी तिथंच बाद झाली. सीट उंच करायला खाली जाड मऊ उशी मात्र घालू नका. धडकेत माणूस उशीसकट पुढे घसरतो आणि बेल्टचा खालचा पट्टा ओटीपोटात रुततो. तो पट्टा कमरेच्या हाडांवरच बसला पाहिजे. गरोदर बाईनंही तो पोटाच्या खालून घ्यायचा.

मग लेकरं. "मी मांडीवर धरते की," हे मी रोज ऐकतो. ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली की दहा किलोचं बाळ क्षणभर अडीच-तीनशे किलोच्या जोरानं पुढे ओढलं जातं. हळदीची पन्नास किलोची पाच पोती हातात धरून दाखवा, मग आपण बोलू. लहान मुलासाठी चाइल्ड सीट हवी आणि ती मागच्याच सीटवर हवी. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत. त्याचं डोकं जड आणि मान कोवळी असते. मोठ्या मुलाला बूस्टर, साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत, नाहीतर बेल्ट खांद्याऐवजी गळ्यावर येतो. सीट घट्ट बसवण्यासाठी गाडीत आयसोफिक्सचे हूक असतात. कापडाच्या फटीत हात घालून ते स्वतः शोधा. बऱ्याच विक्रेत्यांनाही ते सापडत नाहीत. चाइल्ड सीट लावल्यावर पुढचा माणूस आपली सीट मागे घेऊ शकतो का, हेही बघा.

दोन नावं आपण सगळे जाणतो. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. अख्खा मराठवाडा त्या दिवशी रडला. ते सेडानमध्ये मागच्या सीटवर होते. त्यांचे सहकारी मंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की मागचा बेल्ट लावला असता तर कदाचित जीव वाचला असता. त्यानंतर आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, मजबूत. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. बेल्ट नसलेला मागचा माणूस स्वतः तर मरतोच, पण पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही मारू शकतो. कायद्यानं मागचा बेल्ट सक्तीचा आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर कलम १९४ ब खाली हजार रुपये दंड आहे. दंडाला कोण घाबरतं म्हणा.

याचा सरळ अर्थ असा, की पाच बेल्टच्या गाडीत पाचच माणसं. सेडानमध्ये मागच्या मधल्या माणसाच्या पायात उंचवटा येतो आणि खांदेही चेपतात, म्हणून तिथं तिघे मोठे बसवून औंढ्याला दर्शनाला जाऊन या, मग ठरवा. घरात रोजची सहा माणसं असतील तर स्पोर्टी सेडानचा नाद सोडा, तीन रांगांची गाडी घ्या. यात मी कुणाची समजूत काढत बसत नाही.

कंबर दुखणाऱ्यांसाठी एक सूचना. मोठी चाकं आणि पातळ टायर दिसतात छान, पण खड्ड्याचा दणका थेट मणक्यात येतो. गादी सरकलेल्या माणसानं टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत हायवेवर नव्हे, गावातल्या रस्त्यावर, चार-पाच ब्रेकरवरून घ्यावी, आणि तीही मागे बसून. ब्रेकरची दुसरी गंमत अशी, की व्हर्टस-स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर सांगतात तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि डिकी भरली की गाडी बसते. म्हणजे भरूनच चालवून बघायची.

गाडीत उलट्या होणाऱ्या मुलांना खिडकीतून बाहेर दिसलं पाहिजे. स्पोर्टी गाडीच्या मागच्या काचा लहान आणि कडा उंच असतात, आतलं कापड काळं असतं. बूस्टरमुळे मूल वर येतं आणि हा त्रासही कमी होतो. सनरूफ घेतलंत तर घ्या, पण त्यातून मूल बाहेर काढून फिरवणार असाल तर माझ्याकडे गाडीचे पेढे आणू नका.

एक काम डिलिव्हरीच्या दिवशीचं. दुकानदार लगेच जाड सीटकव्हर चढवायला सांगतो. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिथं 'एअरबॅग' असं लिहिलेलं लेबल दिसतं. साधं कव्हर शिवून ती बाजू बंद केली तर एअरबॅग नीट उघडत नाही. आणि मागच्या बेल्टची कुलपं तर हमखास कव्हरखाली गाडली जातात. बेल्टचा गजर गप्प करायला मिळणारी खोटी क्लिपही काही जण भेट म्हणून देतात. ती घेऊ नका. कव्हर घालायचंच असेल तर कडेच्या एअरबॅगसाठी खास शिवण असलेलं मागा, आणि पैसे देण्याआधी मागे बसून तिन्ही बेल्ट एकदा लावून बघा.