सावलीचे दोन शब्द

'शेड' आणि 'शॅडो' हे इंग्रजी शब्द एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीतील एकाच नामाची ही दोन विभक्तिरूपे. पुढे त्यांचे संसार वेगळे झाले. आपण दोघांनाही 'सावली' म्हणून मोकळे होतो. वैशाखात पारा ४५ अंशांपुढे गेलेला पाहणाऱ्या अकोलेकरास तेवढा एक शब्द पुरेसा वाटावा, यात नवल नाही!

वर्णन करावयास बसले की मात्र अडते. 'शेड' म्हणजे उन्हापासून आडोशाची जागा. तिथे बसता येते, शिदोरी सोडता येते. 'शॅडो'ला आकार असतो, कडा असतात; ती कुणाची तरी असते आणि दिवस कलला की लांबत जाते. तरी हा भेद कुणी पाढ्यासारखा घोकू नये. १६११ च्या किंग जेम्स बायबलात ९१ व्या स्तोत्रात 'शॅडो' आहे, तर १२१ व्या स्तोत्रात 'शेड'. मूळ हिब्रूत मात्र दोन्ही ठिकाणी 'त्सेल' हाच शब्द. म्हणजे हिब्रू भाषा या बाबतीत आपलीच सोयरी म्हणायची. शिवाय मराठीही काही दरिद्री नाही. वडीलधाऱ्यांची ती छत्रछाया. पण धुऱ्यावरच्या झाडामुळे कपाशी खुरटते ते सावट. दुष्काळाचेही सावटच. 'शॅडो'च्या काळ्या बाजूला हा शब्द अगदी जवळचा.

अमरावतीस शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत आपल्या घराचे वर्णन लिहून आमच्याकडे आली. मूर्तिजापूरकडचे कोरडवाहू वावर, धुऱ्यावर कडुनिंब. तिने सर्वत्र 'शॅडो' लिहिले होते. "फादर, इथं कोणता शब्द पाह्यजे?" तिने विचारले. दुपारी वखर थांबवून वडील निंबाखाली टेकत, त्या वाक्यात 'शेड' हवे, असे आम्ही सांगितले. तिने तत्काळ बदल केला.

पुढील परिच्छेद वडील गेल्यानंतरचा होता. संध्याकाळ, उलंगवाडी झालेले रिकामे वावर, आणि त्याच निंबाची सावली गोठ्याच्या दारापर्यंत आलेली. आम्ही काही बोलण्यापूर्वीच तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

"इथं शॅडोच राहू द्या, फादर. त्या झाडाखाली आता आमच्यातलं कोनी बसत नाही."