मिग-२१ची पाठ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली आणि त्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडणाऱ्यांचा एक आधार तुटला. यापुढे किटची तुलना करायची ती छायाचित्रांशी आणि चौथऱ्यांवर उभ्या, पुन्हा पुन्हा रंगवलेल्या विमानांशी. यांतील बरीच विमाने नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधली असल्याने जालन्यातल्या प्रतिकृतिकारालाही त्यांच्यावर आपला हक्क वाटतो, आणि हा हक्क तो मुख्यतः किटमधील चुका काढण्यासाठीच बजावतो.

पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ प्रमाणात सुमारे ९९ आणि १:४८ प्रमाणात १४९ मिलिमीटर. सळयांच्या कारखान्यांच्या जालन्यात व्हर्नियर कॅलिपर दुर्मिळ नाही, आणि एवढ्या परीक्षेत बहुतेक किट उत्तीर्णही होतात. अडते ते पाठीवर. कॉकपिटच्या मागून शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत जाणारा हा उंचवटा ‘एफएल’ उपप्रकारात बारीक, ‘एम’मध्ये उंच आणि ‘बिस’मध्ये आणखी फुगीर असतो, आणि त्याचे वळण कोणत्याही एका मापात सापडत नाही, बाजूने निर्दोष दिसणारी पाठ समोरून पाहावी तर तिचे खांदे पडलेले असतात, पुट्टी भरून घासावी तर शेपटीचा सांधा बिघडतो, आणि रेखाचित्रावर ठेवून पाहावी तर दोन रेखाचित्रेच एकमेकांशी जुळत नाहीत.

परीक्षणे लिहिणारे मात्र पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषांवरच भाळतात. १:४८ प्रमाणात ०.२ मिलिमीटर रुंदीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर सुमारे साडेनऊ मिलिमीटरची फट, आणि अशा फटी घेऊन कोणतेही विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडाले नसते. अर्थात पाठीच्या आग्रहामागेही सत्यनिष्ठेपेक्षा अहंकारच अधिक असतो, हे मान्य केले पाहिजे. कपाटातील विमानाची पाठ अर्ध्या मिलिमीटरने चुकल्याचे केवळ दुसऱ्या प्रतिकृतिकारालाच कळते, आणि दाद हवी असते ती नेमकी त्याचीच.

या कसोटीवर एडुआर्ड या चेक कंपनीने २०११ मध्ये काढलेले १:४८ प्रमाणातील ‘एमएफ’ उपप्रकाराचे किट इतरांपेक्षा सरस ठरते, आणि ‘एम’ व ‘एमएफ’ यांची पाठ सारखीच असल्याने ओझरच्या ‘एम’साठीही ते चालते. ‘एफएल’ हवे असणाऱ्याने मात्र या किटची पाठ घासण्याच्या फंदात पडू नये, कारण ‘एफएल’चे कॉकपिटचे झाकणही निराळे, पुढच्या बाजूला बिजागरी असलेले आहे.