गाडी कोणाच्या नावावर?

आमच्या वाडीत चारचाकी आली ती आधी चालवायला. दिवसभर मालकाची गाडी हाकायची, संध्याकाळी ती मालकाच्या दारात लावायची आणि चावी देऊन पायी घरी यायचे, असे काम करणारे चार-पाच जण आमच्याकडे पहिल्यापासून आहेत. कोणी मालवणच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो नेतो, कोणी तारकर्लीला येणारे पर्यटक फिरवतो, एक जण एसटीतून निवृत्त झाला. लायसन घरोघर होते, आरसी बुक मात्र कोणाच्याच कपाटात नव्हते. गेल्या सात-आठ वर्षांत हे बदलले. आज वाडीत सहा गाड्या उभ्या असतात. त्यातील पाच जुन्या घेतलेल्या आहेत. मी नोकरीने कारकून, शिक्षण बी.कॉम., आणि समाजाच्या कामात पंचवीस वर्षे आहे. पूर्वी लोक माझ्याकडे जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन यायचे, आता गाडीचे कागदही घेऊन येतात. त्यातच गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरी गाडी घेण्याचा विषय निघाला. तेव्हा जे पाहिले, तपासले, ते आपल्या वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय निघाला तो आईमुळे. तिचे वय सत्तरीच्या पुढे, हृदयाचा त्रास. ओरोसचे रुग्णालय आहेच, पण मोठे काही निघाले की आमच्या जिल्ह्याची माणसे अजूनही गोव्याला बांबोळीलाच जातात. आमच्या घरापासून ते शंभराच्या वर किलोमीटर. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगी येते आणि तिने आमच्या वाडीतील माणसे वाचवलीही आहेत. पण दर महिन्याच्या तपासणीला ती येत नाही. भाड्याची गाडी केली की एका फेरीला घरातील आठवड्याचा बाजार जातो. आई म्हणाली, "माका गाडयेची हौस नाय रे बाबा. पण रात्रीच्या वेळाक दुसऱ्याच्या दारात हात जोडूक नको, इतक्याच."

मुलाला उंच गाडी हवी होती. हल्ली सर्वांना तीच हवी असते. पत्नी अंगणवाडी सेविका आहे, बचत गटाचा हिशेब तिच्याकडे असतो. तिने दोनच गोष्टी विचारल्या. आईला पाय फार उचलावा न लागता बसता येईल का, आणि मागे सामान राहील का? या दोन प्रश्नांतूनच छोटी सेडान ठरली. म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली, पण लांबीला चार मीटरच्या आतली गाडी. ही चार मीटरची भानगड अनेकांना ठाऊक नसते. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. छोटी गाडी कोणती? तर लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी डिकीला कात्री लावली. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये अशीच आली. मारुतीची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ मध्ये ती ३९९५ झाली. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी! पुढे होंडाची अमेझ, ह्युंदाईची एक्सेंट व नंतर ऑरा, टाटांची टिगोर अशा सगळ्या त्याच मापात बसल्या. आपल्याला कमी किमतीत डिकीवाली गाडी मिळते ती या करामुळे.

आता नवी की जुनी? मी कागद-पेन घेऊन बसलो. डिझायरचे नवे रूप नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आले तेव्हा शोरूमची किंमत ६ लाख ७९ हजारांपासून सुरू होत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, म्हणून किमती उतरल्या. तरी शोरूमच्या किमतीवर आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर आहे, विमा आहे. समजा सहा लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले. हप्ता पडतो सुमारे ९,८०० आणि सात वर्षांत नुसते व्याज जाते २ लाख २४ हजार. तेच पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता १२,६०० आणि व्याज १ लाख ५६ हजार. विक्रेता तुम्हाला फक्त ९,८०० चा आकडा दाखवतो. "साहेब, दिवसाला सव्वातीनशे रुपये फक्त," असे मला एकाने हसत हसत सांगितले. मुलीचे नर्सिंगचे दुसरे वर्ष चालू आहे. तिच्या फीच्या आड येणारा हप्ता आमच्या घरात घ्यायचा नाही, हे पत्नीने त्या दिवशीच सांगून टाकले.

नव्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सुरक्षितता. २०२४ च्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले आणि सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत. ज्याला रोज महामार्गावर धावायचे आहे आणि हप्ता खरोखर झेपतो, त्याने नवीच घ्यावी. जुनी घेणाऱ्याने निदान २०१७ नंतरचे रूप पाहावे. त्या वर्षीपासून डिझायरच्या सर्व प्रकारांत दोन एअरबॅग व एबीएस ब्रेक आले. त्याआधीच्या स्वस्तातल्या प्रकारांत हे असेलच असे नाही, आणि दहा-वीस हजार वाचवताना नेमके तेच सुटते.

शोधाशोध सुरू झाली. जिल्ह्यातल्याच एका गावातील जाहिरात पाहून फोन केला. समोरचे गृहस्थ अगदी गोड बोलले, रविवारी या म्हणाले. नाव विचारले, गाव विचारले, मग वाडी विचारली. वाडी सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि "घरात विचारून कळवतो" म्हणाले. कळवले नाही. ती गाडी पुढे पंधरा दिवस जाहिरातीत तशीच होती. पत्नी म्हणाली, "बरां झालां. त्याच्या गाडयेत आयेक बसवूची पाळी इली नाय." मी मात्र त्या रात्री बाबासाहेबांच्या आठवणींचे पुस्तक काढून बसलो. आपल्याला त्या घटना पाठ आहेत. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवरून गोरेगावला वडिलांकडे जाताना लहानग्या भीमाला आणि भावंडांना दुप्पट भाडे देऊन बैलगाडी स्वतःच हाकावी लागली, गाडीवान विटाळाच्या भीतीने पायी चालत राहिला. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगा भाड्याने मिळाला, पण बॅरिस्टर असलेल्या माणसाला घेऊन तो हाकायला टांगेवाला तयार होईना. सवय नसलेला आपलाच माणूस लगाम धरून बसला, मोरीवर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. आपल्या काही मंडळींना वाटते की गाडी म्हणजे दिखावा. लग्नाच्या वरातीसाठी व्याजाने पैसे काढतो त्याला दिखावा म्हणा. आजारी माणसाला न्यायला कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागू नये, ही गरज मी दिखावा मानत नाही. मात्र ही गरज सहा लाखांच्या कर्जातूनच भागते असेही नाही.

शेवटी कणकवलीच्या एका निवृत्त शिक्षकांची २०१८ ची पेट्रोल डिझायर पाहिली. ६१ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ४ लाख ४० हजार. व्यवहार दोन माणसांमधला असल्याने त्यावर जीएसटी नाही. नोंदणी २०३३ पर्यंत, पुढे नूतनीकरण. पाहायला वाडीतल्या एसटीच्या निवृत्त चालकदादांना सोबत नेले. ते आधी बॉनेटकडे गेलेच नाहीत. डिकी उघडली, सामान बाजूला केले, चटई उचलली आणि स्टेपनी बाहेर काढली. त्या खोलगट जागेत पाणी साचते, गंज तिथे आधी दिसतो. मागून धडक बसलेली असेल तर पत्र्याचे नवे जोडकामही तिथेच सापडते. मग दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, सायलेन्सर. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, तिथे उघड्यावर राहिलेली गाडी मी तरी घेणार नाही. त्यानंतर दादांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. मी कारण विचारले. म्हणाले, गाडी धुतात, गालिचा बदलतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्यातला चिखल कोणी धूत नाही. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला. पाण्याखाली गेलेल्या गाड्या दूरच्या तालुक्यांत विकल्या जातात. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, आत ओला वास, ही खूण. ही शिक्षकांची गाडी कोरडी निघाली. दोन टायर मात्र गेलेले होते, त्याचे पैसे किमतीत वळते केले.

याशिवाय दोन गोष्टी थोडक्यात. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. गाड्या त्यासाठी तयार होऊ लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून, त्यामुळे जुनीचे मायलेज थोडे कमी धरून चालावे. आणि सीएनजी घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की टाकी डिकीतच बसते, मग डिकीसाठी सेडान घेतली त्याचा उपयोग काय? टाटांनी २०२३ मध्ये टिगोरला दोन लहान टाक्या खाली बसवून थोडी जागा राखली आहे. जुन्या सीएनजी गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी लागते, तिचे प्रमाणपत्र मागावे.

आता कागद. खरे म्हणजे हे सगळे मी कागदांसाठीच लिहीत आहे. आमच्याच वाडीतील एका पोराने दीड वर्षापूर्वी दलालाकडून गाडी घेतली. शंभराच्या मुद्रांकावर करार, दोन सह्या, हातात चावी. गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज होते ते कोणी सांगितले नाही. एके दिवशी वसुलीची माणसे आली आणि गाडी घेऊन गेली. पोराने त्यात मुंबईच्या हॉटेलात कमावलेले पावणेतीन लाख घातले होते. दलालाचा फोन लागत नाही, आधीचा मालक म्हणतो मी याला ओळखत नाही. मुद्रांकावर पोराची सही आहे, पण आरसीवर नाव दुसऱ्याचे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसून सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची आपण नातवंडे. मी त्याला रागावलो नाही. पण तो कागदाचा तुकडा हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिलो.

गाडी घेण्यापूर्वी तिचा क्रमांक परिवहनच्या अ‍ॅपवर टाकून पाहावा. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसते. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दंडाच्या चलनांचीही खात्री करावी. पिवळ्या पाटीची गाडी नंतर पांढऱ्या पाटीवर केलेली असू शकते, म्हणून पूर्वीची नोंद पाहावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला सुरक्षित नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघावे. गोव्याची गाडी स्वस्त वाटते, पण तिला फॉर्म २८ चे ना हरकत पत्र लागते आणि आपल्या राज्याचा कर पुन्हा भरावा लागतो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

विकणाऱ्यांनीही गाफील राहू नये. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली, ती तीन-चार हातांतून फिरली, नोंद कोणीच बदलली नाही. २००९ मध्ये अपघात होऊन एका मुलाचा जीव गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंदीत ज्याचे नाव, भरपाईला तोच जबाबदार. विम्याचेही तसेच. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यास अर्ज करावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, आपल्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच राहतो.

आमचा व्यवहार ओरोसच्या आरटीओत अर्ज दाखल झाला त्याच दिवशी पूर्ण केला. तोपर्यंत वीस हजार इसारा, बाकी पैसे बँकेतून. शिक्षकांना ते थोडे जड गेले, पण २०१८ चा निकाल सांगितल्यावर ते स्वतःच घाईला आले. ३ लाख बचतीचे, १ लाख ४० हजार पतसंस्थेचे. टायर, बॅटरी, विमा, खालून गंजविरोधी रंग मिळून ३८ हजार वर गेले.

आरसीवर नाव पत्नीचे आहे. बचतीतली निम्मी रक्कम तिची, शिवाय नोकरीत कर्ज माझ्या पगारावर आहे. काही नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. ती सध्या चालकदादांकडे गाडी शिकते, उतारावर घाबरते. वाडीसाठी तिने नियमही केला आहे: आजाऱ्याला कधीही, पेट्रोलचा विषय न काढता. लग्नाला न्यायची तर पेट्रोल तुमचे. आणि पर्यटक भाड्याने न्यायला कोणी मागितली तर नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारले आणि अपघात झाला तर विमा कंपनी आपले नुकसान देईल या आशेवर राहू नये, हे तारकर्लीच्या हंगामात अनेकांना सांगावे लागते.

त्या पोराच्या प्रकरणात पोलिसांत तक्रार दिली आहे, बँकेकडे पत्रव्यवहार चालू आहे. असा कागद कोणाकडे असेल, अथवा गाडी घेण्याचे मनात असेल, तर रविवारी सकाळी नऊपर्यंत मी विहारात असतो. येताना गाडीचा क्रमांक आणि आरसीची झेरॉक्स आणावी.