गड नसलेल्या डोंगरावर

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना एक खोड असते. वर काहीतरी लागतं. दरवाजा, बुरूज, पाण्याचं टाकं, काहीच नाही तर पडक्या वाड्याचं जोतं. ते दिसलं की चढ वसूल. मग टाक्याकाठी शिदोरी सोडायची. ज्याला इतिहास येतो त्याने बोलायचं आणि ज्याला येत नाही त्याने त्याच्याहून जास्त बोलायचं. आमचं भटक्यांचं टोळकं याच खुराकावर पोसलेलं. त्यामुळे डिसेंबरातला एक शनिवार-रविवार सातपुड्यात, तोरणमाळच्या माळावर नुसतं चालायचं असा बेत निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘तिथे किल्ला कोणता?’

शहाद्याला ठरवलेल्या जीपच्या ड्रायव्हरलाही आमचं प्रयोजन कळेना. देवदर्शन असेल तर महाशिवरात्रीला यावं, गोरखनाथाची यात्रा तेव्हा भरते. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात. आत्ता ‘तठे काय शे, दादा?’ त्यानेच मग विचार करून उत्तर दिलं, ‘गवत शे, वारा शे.’

आम्ही नेमकं त्यासाठीच आलो होतो, पण हे जीपमध्ये बसून सांगायला अवघड.

हिवाळ्यात नंदुरबारकडून निघालं की शहर मागे पडता पडता मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मोकळ्या रानात पसरलेली लालभडक मिरची, तीत बसून देठ खुडणाऱ्या बायका, आणि काच बंद केली तरी आत शिरणारा खकाणा. शिंकत शिंकतच तापी ओलांडायची. पुढे केळी, ऊस, पपई असा सगळा सपाट सुकाळ. मग रस्ता एकदम सातपायरीच्या घाटाला लागतो आणि वळणावळणाने अकराशे मीटरच्याही वर नेऊन सोडतो. खाली अंगात असलेला बिनबाह्यांचा स्वेटर वर पोचेपर्यंत थट्टेचा विषय झालेला असतो. यशवंत तलावावरून संध्याकाळी जो वारा येतो, तो कानटोपीशी थेट बोलणी करतो.

रात्री थंडी चांगलीच पडली, पण दव काही गोठलं नाही. तो मान जिल्ह्यात बहुधा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबचा. थंडीची लाट आली की पांढरं पडलेलं तिथलं गवत वर्तमानपत्रात झळकतं. आमच्या माळावरचं गवत सकाळी फक्त ओलंचिंब होतं, छातीभर उंच आणि गव्हाळ. त्यात शिरलं की बूट, पँट, मोजे क्रमाक्रमाने भिजतात.

या गवतातलं कुसळ एकदा हातावर घेऊन बघावं. खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर उलट्या दिशेची बारीक लव आणि मागे काळपट शेपूट. सकाळी ओलं असताना ते शेपूट बऱ्यापैकी सरळ असतं. ऊन चढून सुकायला लागलं की त्याला पीळ बसतो. रात्री दवाने तो पुन्हा सुटतो. असं पिळत-सुटत बी स्वतःला जमिनीत भोक पाडून पुरून घेतं. उलटी लव त्याला माघारी येऊ देत नाही. जमिनीऐवजी मोजा मिळाला तरी त्याचं काही अडत नाही. दुपारी सगळं मंडळ ओळीने बसून मोजे निवडत होतं, आणि एरवी तहातल्या कलमांवरून भांडणारे दोघे गडी मान खाली घालून कामाला लागले होते.

माळावर चालताना कुठे पोचायचं नसतं, ही गोष्ट पायांना पटायला वेळ लागतो. एक उंचवटा येतो, त्यामागे तसाच दुसरा. मध्येच सागाची पानगळ, मोहाचं एखादं एकटं झाड, आणि पावरा आदिवासींची घरं. गावठाण असं नाहीच. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, बांबूच्या कुडाला माती लिंपलेलं. आपण ज्या पायवाटेला मोठ्या कौतुकाने ‘ट्रेल’ म्हणतो ती या घरातून त्या घराकडे, घरातून पाण्याकडे, पाड्यावरून बाजाराकडे गेलेली असते. आमच्या पाठीवर पट्ट्यांच्या सॅक, हातात काठ्या. मागून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली, ‘कुठे चालले?’ म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. तिला बाजार गाठायचा होता.

खडकी पॉइंटवर उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक मांडलेल्या दिसतात. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले. तिथूनच एक वाट खाली केलापाणीकडे उतरते. बांबूला चादरीची झोळी बांधून, तीत आजारी माणूस नाहीतर बाळंतीण घालून, याच वाटेने वर आणल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. पत्रकारांनी त्याला ‘बांबूलन्स’ असं चटपटीत नावही देऊन टाकलंय. मी रिकाम्या हातांनी थोडं उतरून परत चढलो. मुरूम पायाखालून सटकत होता आणि तीनदा थांबलो.

इंग्लंडातल्या डर्बीशरमध्ये किंडर स्काउट नावाचा असाच उघडा, वाऱ्याचा माळ आहे. जमीनदारांनी तो शिकारीसाठी अडवलेला. 1932च्या एप्रिलात शेकडो कामगार पोरं-पोरी मुद्दाम त्यावर चालत गेली आणि त्यातले काहीजण तुरुंगातही गेले. आमच्यातल्या एकाने हे सांगितलं तेव्हा आम्हाला स्वतःच्या छंदाविषयी जरा अभिमान वाटला. मग आठवलं की इथल्या माणसांना स्वतःच्याच जंगलात कसतो ती जमीन आपली म्हणायला 2006च्या वनहक्क कायद्यापर्यंत थांबावं लागलं, आणि त्यानंतरही दाव्यांच्या फायली आहेतच. अभिमान थोडा आवरता घेतला.

शिवाय चालणाऱ्यांचं मंडळ म्हणावं ते इथलंच. अस्तंबा हा अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून या रानात फिरतो, असं मानतात. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तरुणांच्या टोळ्या रात्रीच्या अंधारात तो चढायला निघतात, महाराष्ट्रातून आणि गुजरातेतूनही. वर गड नाही, बुरूज नाही. त्यांना कोणी विचारत नाही तिथे काय आहे म्हणून.

परतीच्या जीपमध्ये पुढचा बेत अर्थातच अस्तंब्याचा ठरला. हात वर करून सगळे तयार. ड्रायव्हरही या वेळी खूश, म्हणाला, मी पण येतो. मग कोणीतरी तारीख काढली आणि जीपमध्ये शांतता पसरली. ऐन दिवाळीत, पहिल्या आंघोळीला घरी नसणार, हे घरी कोणी आणि कसं सांगायचं यावर शहाद्यापर्यंत चर्चा चालली. एकमत झालं नाही.